मॅडमनी दिलेली शिक्षा

मृणालिनी गेली त्या दिवशी दुपारी मी गवार मोडत बसलो होतो. टेलिफोन खात्यातून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, त्यामुळे भाजी निवडणं माझ्याकडे आणि नोकरी तिच्याकडे, अशी आमची वाटणी होती. ती मीरा रोडला बेव्हर्ली पार्कजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्यांना आधीच पुरेसा ताप झालेला आहे.

फोन कॉलेजच्या ऑफिसातून होता. हेतलबेन म्हणून तिथे क्लार्क आहेत. त्या माझ्याशी कायम हिंदीत बोलायच्या आणि मीही त्यांच्याशी हिंदीतच बोलायचो. त्या आठवड्यात मात्र कॉलेजात सूचना निघाली होती, की बाहेर जाणारा प्रत्येक फोन मराठीतच करायचा.

"नमस्कार. मी कॉलेजमधून हेतल बोलते. मृणालिनी मॅडम निघून गेल्या."

"बरं," मी म्हणालो. "आज लवकर सुटल्या?"

"हो. खूप लवकर." त्यांचा आवाज बसल्यासारखा आला. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

"रिक्षाने निघाल्या की बसने? म्हणजे मी चहा कधी टाकू ते बघतो."

तिकडे कोणाला तरी गुजरातीत काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. मग हेतलबेन म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सने."

मी म्हणालो, "बेन, हिंदी में बोलो."

त्या हिंदीत बोलल्या. हिंदीत ते नीट समजलं.

तास चालू असताना ती फळ्यापाशी खाली बसली होती. डोक्यातली शीर फुटली असं डॉक्टरांनी सांगितलं. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याआधी आजार, गोळ्या, काही नव्हतं.

घरी आल्यावर, माणसं जमल्यावर, मला सारखं वाटत होतं की हा हेतलबेनचा फोन कोणाला तरी सांगायला पाहिजे. "खूप लवकर" हे तर सांगायलाच पाहिजे. पण असल्या गोष्टी मी जिला सांगायचो, तिच्याचबद्दलचा तो फोन होता.

आमच्याकडे तशी पद्धतच होती. संध्याकाळी ती घरी आली की चहाबरोबर त्या दिवसाची एक चूक सांगायची. तिच्या वर्गातल्या साठ-पासष्ट मुलांत घरी मराठी बोलणारी आठ-नऊ असतील. बाकी गुजराती, मारवाडी, यूपीची, बंगाली, थोडी मल्याळी. वर्गात ती कोणाच्याही चुकीला हसायची नाही. ते सगळं हसू ती इंद्रलोकमधल्या आमच्या घरापर्यंत दाबून आणायची आणि चप्पल काढल्याबरोबर सुरू व्हायची. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, "आमच्या सोसायटीत टँकर येतो तेव्हा सगळे खाली जाऊन एकमेकांचा पाणउतारा करतात." हे वाक्य आम्हाला महिनाभर पुरलं. त्याला पाणी उतरवणं म्हणायचं होतं. पण आमच्याही सोसायटीत टँकर येतो, आणि मुलाने लिहिलं होतं त्यात चूक अशी काही नव्हती.

मग आमच्या भागात भाषेवरून भांडण पेटलं. दुकानात मराठी बोलला नाही म्हणून मारहाण, मारहाण झाली म्हणून बंद, बंद पाळला म्हणून मोर्चा, मोर्चा अडवला म्हणून आणखी मोठा मोर्चा. पेपरात आणि टीव्हीवर मीरा-भाईंदर रोज दिसायला लागलं. पुण्याचे नातेवाईक फोन करून विचारायचे, बाहेर पडता येतं का. कॉलेजातल्या मुलांचा दोन्ही बाजूंना पाठिंबा होता, कारण दोन्ही मोर्च्यांना सुट्टी मिळायची.

कॉलेजच्या कँटीनवाल्याने घाबरून एका रात्रीत सगळा मेन्यू मोबाइलवरून मराठीत करून घेतला. चीज टोस्टचं "भाजलेली वस्तू" झालं. मुलं रांगेत उभी राहून भाजलेली वस्तू मागायची. मृणालिनीने तो बोर्ड बदलून घेतला, पण त्याआधी तिने स्वतः एक भाजलेली वस्तू खाल्ली. "वस्तू चांगली होती," असं मला सांगितलं.

तेव्हापासून कॉलेजातली प्रत्येक पाटी, सूचना, पत्रिका तिच्या हाताखालून जायला लागली. प्राचार्य तिच्या सहीशिवाय "चप्पल बाहेर काढा" एवढंही लावायचे नाहीत. आणि ती गेल्यावर पहिला बॅनर लागला तो तिच्याच शोकसभेचा. तो तपासायला कोणी नव्हतं.

बॅनर केला रोशनने. रोशन बारावीत होता. त्याच्या वडिलांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मूळचे जौनपूरकडचे. मराठीसाठी मोर्चा काढणारे आणि त्यांच्याविरुद्ध बंद पुकारणारे, दोघांचेही बॅनर त्यांच्याच मशीनवर छापले गेले होते. मजकूर गिऱ्हाइकाने आणायचा आणि त्यांनी छापायचा. या वेळी मजकूर रोशनने स्वतः लिहिला. कोणाची मदत न घेता लिहिला, कारण मॅडमसाठी होता.

मला त्या बॅनरचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा माझी धाकटी बहीण वासंती आमच्याकडे राहायला आलेली होती. फोटोच्या आधी चांदणीचा फोन आला. चांदणी रोशनच्याच वर्गातली, पेणकरपाड्याची आगऱ्यांची मुलगी. मृणालिनीची लाडकी.

"काका, फोटो आला का बॅनरचा?"

"नाही अजून."

"आला तर बघू नका."

असं सांगितल्यावर कोण बघणार नाही. मी बघितला. मृणालिनीचा फोटो होता, दोन्ही बाजूंना समया होत्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"मृणालिनी मॅडमनी आम्हाला जी शिक्षा दिली, ती आम्ही जन्मभर विसरणार नाही. मॅडमला वचन देतो, की आम्ही मराठी बोलण्याची चेष्टा करत राहू."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. एवढं मला माहीत होतं, कारण या दोन शब्दांवर मृणालिनीने दरवर्षी एक तास खर्च केलेला होता. म्हणजे रोशन त्या तासाला नव्हता, किंवा होता आणि कँटीनचा विचार करत होता.

मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसलो आणि टॉवेल तोंडावर धरला. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसत होतो आणि ते थांबेना. खांदे हलत होते. वासंतीने दारातून पाहिलं. आत येऊन पाठीवरून हात फिरवायला लागली.

"रड दादा, रड. मोकळा हो. इतके दिवस कोंडून ठेवलंस."

तिने असं म्हटल्यावर मला जास्तच हसू आलं. मग कधीतरी ते खरंच रडणं झालं. कुठून झालं ते मला सांगता येणार नाही. वासंतीने पाणी आणलं. मी तिला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "वहिनी मारायची मुलांना?"

संध्याकाळपर्यंत तो फोटो भाईंदरभर फिरला. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. एका पक्षाचा वॉर्ड अध्यक्ष उत्तम सहा-सात जणांना घेऊन कॉलेजवर गेला आणि बॅनर उतरवून घेऊन आला. मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या शोकसभेत मराठीची चेष्टा करण्याचं जाहीर वचन, असं त्याने सगळ्या ग्रुपांवर टाकलं. खोटं काही नव्हतं त्यात, बॅनरवर तसंच लिहिलेलं होतं. प्राचार्यांनी शोकसभा पुढे ढकलली आणि रोशनला कॉलेजात यायची बंदी केली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, रोशन आणि चांदणी माझ्याकडे आले. रोशन उंच, किडकिडीत मुलगा. दारात उभा राहून माझ्या पायांकडे बघत होता. वासंती म्हणाली, "हाच का तो? बस बाबा. पोहे खाणार?"

"काका, सॉरी," रोशन म्हणाला. "मी मॅडमसाठी चांगलं लिहिलं होतं."

"चांगलंच लिहिलंस. फक्त मराठीत ते वेगळं झालं."

"मी याला बोलले व्हते, आधी माना दाखव," चांदणी म्हणाली. "दाखवला न्हाय."

"तू पण कुठे शुद्ध बोलतेस?"

"माझी आगरी हाय. मिठागरं होती तवापासूनची हाय. तुझी कंची हाय? मशीनची?"

पोह्यांची ताटली हातात घेऊन रोशन मला सगळं सांगायला लागला. सोमवारी मराठीची तोंडी परीक्षा होती. वीस मार्कांची, बोर्डाची. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येणार होते. ती दिली नाही तर मराठी गेलं, आणि मराठी गेलं की बारावी गेली. उत्तमभाऊ म्हणत होते की मुलाने कॅमेऱ्यासमोर माफी मागितल्याशिवाय त्याला गेटच्या आत येऊ देणार नाही. आणि वडील म्हणत होते की मशीनवर माणूस लागतोच आहे, निवडणुकीचं काम आलंय, कॉलेज बस झालं.

"पप्पांना ते बरंच वाटतंय, काका. म्हणतात, शिकून बॅनरच छापायचे ना. सोमवारी परीक्षा गेली तर मी गेलो मशीनवर. परत नाही सोडणार ते."

"मग माफी माग. त्यात काय."

"लिहिली आहे." त्याने मोबाइल काढला. "तुम्ही बघा ना. मॅडम असत्या तर…"

त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचायला लागलो.

"आदरणीय उत्तमभाऊ, माझ्या बॅनरवर तुमची आपत्ती आली, हे मला समजलं. तुमची आपत्ती अगदी योग्य आहे. मला, माझ्या परिवाराला आणि पूर्ण कॉलेजला उत्तमभाऊंची आपत्ती मान्य आहे."

वासंतीच्या हातातला चहा बशीत सांडला. चांदणी पोह्यांत तोंड घालून हसत होती. रोशन एकेकाकडे बघायला लागला.

"आपत्ती म्हणजे हरकत ना?"

"हिंदीत. मराठीत आपत्ती म्हणजे भूकंप, पूर, असलं काहीतरी."

रोशनने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी त्यांना भूकंप बोललो?"

"तसा उत्तम आहेच," वासंती म्हणाली. ती इथली नाही, ठाण्याची आहे, पण आठवड्याभरात तिला सगळे माहीत झाले होते.

मी ते दुरुस्त करायला बसलो. दोन ओळींनंतर माझ्या लक्षात आलं की मला येत नाही. मला चूक ऐकायची सवय होती, दुरुस्त करायची नव्हती. ते काम वर्गात व्हायचं, माझ्याकडे फक्त गंमत यायची. आणि माझी मराठी म्हणजे तरी काय, गिरगावात जन्म, खात्यात नोकरी, तीस वर्षं मीरा-भाईंदरात. मी भाजीवाल्याशी हिंदीत बोलतो आणि भाजीवाला मला "काका, कोथिंबीर देऊ?" म्हणतो.

मी मोबाइल परत दिला. "हे राहू दे. उद्या मी येतो कॉलेजात."

सोमवारी सकाळी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही बसलो. प्राचार्य दक्षिणेकडचे. मराठी त्यांना सगळं समजतं, पण बोलताना क्रियापद सापडेपर्यंत ऐकणाऱ्याला थांबावं लागतं. उत्तम माझ्या पाया पडला. गोरा, अंगाने भरलेला, हातात दोन मोबाइल. त्याची माणसं दारात उभी होती. रोशनला बाहेर बाकावर बसवलं होतं. वरच्या मजल्यावर परीक्षक येऊन बसले होते आणि आडनावांप्रमाणे मुलं आत-बाहेर करत होती.

"काका," उत्तम म्हणाला, "तुमच्या भावना दुखावल्या. आम्ही सोडणार नाही."

"भावना दुखावल्यात रे," मी म्हणालो. "पण त्यात बॅनरचा काही हात नाही."

"असं कसं? शिक्षा दिली म्हणतो तो. मी दोन वर्षं होतो बाईंच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. बाईंनी कधी कोणावर हात उचलला नाही. मला एकदा वर्गाबाहेरसुद्धा काढलं नाही, आणि मी काढण्यासारखं खूप केलं होतं. गेलेल्या माणसावर असा आळ घ्यायचा?"

त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं होतं, मतांसाठी चाललंय. मतांसाठी होतंच, पण सगळं तेवढ्यासाठी नव्हतं.

"हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, उत्तम. आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न."

"हिंदीत असेल, काका. बॅनर मराठीत होता ना?"

त्याचं बरोबर होतं.

"मला जास्त काही नको," तो म्हणाला. "मुलाने माफी मागायची. शुद्ध मराठीत. एक चूक झाली तरी परत पहिल्यापासून."

प्राचार्यांनी बोट वर केलं. "माफी शुद्ध आहे की नाही, हे कोण…" आम्ही थांबलो. "…तपासणार?"

उत्तमने माझ्याकडे बघितलं, मी प्राचार्यांकडे, प्राचार्यांनी पंख्याकडे. कॉलेजात शुद्ध-अशुद्ध सांगणारं माणूस एकच होतं. उत्तमने दारातल्या माणसांकडे बघितलं. त्यांतला एक जण लगेच फोनवर बोलायला लागला, फोन आलेला नसताना.

मला काय वाटलं कोण जाणे, मी बोलत सुटलो. संध्याकाळचा चहा, रोजची एक चूक, पाणउतारा, सगळं सांगितलं. ती मुलांना वर्गात हसायची नाही आणि घरी येऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची, हेही सांगितलं. प्राचार्यांना हे नवीन होतं. ते म्हणाले, "स्टाफरूममध्ये तर मॅडम फार गंभीर…" आणि क्रियापद शोधायचं सोडून दिलं.

उत्तम जरा पुढे सरकला. "माझी पण सांगायच्या?"

"तुझी तर पाहुणे आले की परत सांगायची."

"कुठली?"

"माझा आवडता पक्षी."

उत्तमचा चेहरा बदलला. दारातला एक जण म्हणाला, "भाऊ, कुठला पक्षी?"

आता सांगणं भाग होतं. अकरावीच्या सहामाहीला निबंध आला होता, "माझा आवडता पक्षी". मुलांनी मोर लिहिला, पोपट लिहिला, एका मुलीने कोंबडी लिहिली. उत्तमने घाईत ते "माझा आवडता पक्ष" असं वाचलं आणि तीन पानं पक्षावर लिहिली. स्थापना, सभा, झेंडा, सगळं. शेवटी लिहिलं होतं, मी मरेपर्यंत हा पक्ष सोडणार नाही.

"प्रश्नपत्रिका नीट छापली नव्हती," उत्तम म्हणाला.

"पास केलं तिने तुला. म्हणाली, मोराबद्दल एवढं मनापासून कोणी लिहिलेलं नाही."

"आणि त्यानंतर भाऊंनी तीन पक्षी बदलले," दारातला तोच माणूस म्हणाला.

उत्तम वळून त्याच्याकडे बघत होता, पण बाकीचे हसायला लागले होते आणि प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला होता. शेवटी उत्तमही हसला. थोडा वेळ हसून त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "खरंच म्हणाल्या बाई? मनापासून लिहिलं म्हणून?"

"खरंच म्हणाली."

तो बराच वेळ मोबाइलशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. माफी नको. पण काका, मी गेटवर पन्नास माणसं उभी केली आहेत. त्यांना काहीतरी दाखवायला लागेल. पोराला बोलवा, दोघं उभे राहतो, भांडण मिटलं म्हणून एक वाक्य त्याने बोलायचं. लाइव्ह टाकतो. संपलं."

रोशनला आत आणलं. उत्तमने त्याच्या खांद्यावर हात टाकला. एका माणसाने मोबाइल धरला. आधी उत्तम बोलला, बाईंविषयी चांगलं बोलला. मग रोशनला कोपराने खूण केली. रोशनच्या कपाळावर घाम होता. शिक्षा, चेष्टा आणि आपत्ती हे तीन शब्द टाळायचे, एवढं त्याने पाठ केलेलं होतं. ते त्याने टाळले. छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला:

"मॅडमच्या मिस्टरांच्या समोर, आनंदाची बातमी सांगतो, की आज उत्तमभाऊंचा राजीनामा झाला आहे."

मोबाइल धरणाऱ्याने लाइव्ह बंद केलं. "झकास," असंही म्हणाला. मग तो थांबला.

"काय झाला?" उत्तमने विचारलं.

"राजीनामा," रोशन म्हणाला. "आमच्या गावाकडे पोलीस ठाण्यात दोन पार्टीचं भांडण मिटलं की राजीनामा करतात. दोघं राजी झाले म्हणून. नाही का?"

कोणी उत्तर द्यायच्या आत उत्तमचा पहिला मोबाइल वाजला. मग दुसरा. एकावर पक्षाच्या ऑफिसातून विचारत होते की कोणाला विचारून राजीनामा दिला आणि कोणत्या पक्षात चाललाय. दुसऱ्यावर शेजारच्या वॉर्डातला कोणी विचारत होता की आता तिकीट कोणाला. उत्तम दोन्ही कानांना मोबाइल लावून खोलीभर फिरत होता. "अहो, मी कुठेही गेलेलो नाही. इथेच आहे. कॉलेजात आहे. नाही, कॉलेजात प्रवेश नाही घेतला." दारातल्या माणसाचा फोन आता खरंच वाजला. त्याने उचलला, ऐकलं, आणि उत्तमला म्हणाला, "भाऊ, वहिनी विचारतायत, त्यांना आधी का नाही सांगितलं."

माझ्या शेजारी प्राचार्य टेबलावर डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, त्रास होतोय. पण खांदे हलत होते, आणि आता मला ते ओळखता यायला लागलं होतं.

उत्तमने शेवटी दोन्ही मोबाइल बंद केले. रोशन भिंतीला चिकटून उभा होता. बारावी गेली असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"याचा पेपर कधी आहे?" उत्तमने प्राचार्यांना विचारलं.

"तोंडी. आत्ता. वर चालू…" प्राचार्यांनी डोळे पुसले. "…आहे."

"मग पाठवा त्याला वर. आत्ताच्या आत्ता पाठवा. असाच बाहेर सोडला तर हा आणखी बोलेल. याला मराठी शिकवल्याशिवाय कोणीही घरी जायचं नाही, मी सांगतो. बाईंनी दोन वर्षं घेतली ती फुकट घालवायची का?" मग रोशनकडे वळून म्हणाला, "आणि तिथे राजीनाम्याचं नाव काढू नकोस."

रोशन जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढला. आम्ही खाली थांबलो. उत्तम गेटवर जाऊन पन्नास माणसांना आपण अजून पक्षात आहोत हे समजावत होता. चांदणी आधीच परीक्षा देऊन आली होती. तिला परीक्षकांनी विचारलं होतं, घरी कोणती भाषा बोलता. "मी बोलले, मराठी. तर ते बोलतात, ही कोणती मराठी? मी बोलले, पहिली."

रोशन खाली आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. परीक्षकांनी त्याला आवडत्या व्यक्तीविषयी बोलायला सांगितलं होतं.

"मॅडमवर बोललो, काका. शिक्षण बोललो. तीन वेळा बोललो. प्रयत्न पण बोललो."

"आणि?"

"ते बोलले, शाब्बास." मग त्याने हळूच विचारलं, "शाब्बास म्हणजे मराठीत शाब्बासच ना?"

तोंडीत तो पास झाला. वीसपैकी अकरा. वडिलांनी मशीनवर दुसरा माणूस ठेवला. रोशन आता बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करतोय आणि मला अधूनमधून फोन करून शब्द विचारतो. मला येत असेल तर सांगतो, नाहीतर चांदणीला विचारायला सांगतो. उत्तमला तिकीट मिळालं नाही. राजीनाम्यामुळे नाही म्हणतात, दुसरं कारण होतं. तो एकदा घरी येऊन चहा घेऊन गेला.

शोकसभेचं मी प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, वातावरण जरा निवळू दे. वातावरण निवळलं तेव्हा आचारसंहिता लागली होती आणि जमाव करायला परवानगी लागत होती. मग कॉलेजात मतदान केंद्र आलं, मग निकाल, मग मिरवणुका, आणि आता बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. मराठीची जागा अजून भरलेली नाही, त्यामुळे पत्रिका कोण तपासणार हाही प्रश्न आहे. रोशनने नवा बॅनर छापून ठेवला आहे. त्याचा मजकूर मला दाखवला. मला तो बरोबर वाटतो, पण खात्री देता येत नाही.

मृणालिनीची शोकसभा अजून व्हायची आहे.